शिव्यांचा रियाज

अचकटविचकट विनोद आवडतो हे चारचौघांत सांगायला हरकत नाही. मात्र तो विनोद अमेरिकन असला पाहिजे आणि शक्यतो कार्टूनमधला. दादा कोंडक्यांच्या नाडीला तुम्ही आयुष्यभर नाक मुरडलंत ते योग्यच झालं. तो चावटपणा. ‘साउथ पार्क’ या अमेरिकन कार्टून मालिकेतली तिसरी-चौथीतली पोरं एकमेकांच्या आयांचा उद्धार करतात, ती सोशल कॉमेंट्री. फरक काय, असं कुणी विचारलंच तर ‘लेयर्स आहेत रे त्यात’ म्हणून मोकळे व्हा. कोणते लेयर्स, असं विचारण्याइतका उद्धट माणूस सहसा भेटत नाही.

थोडी माहिती मात्र जवळ असू द्या. पहिला भाग १३ ऑगस्ट १९९७ रोजी दाखवला गेला. तेव्हा तुम्ही दुपट्यात असलात तरी ‘मी पहिल्यापासून बघतोय’ असंच सांगायचं. तो भाग ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या निर्मात्यांनी कागद कापून, एकेक तुकडा सरकवत बनवला होता. पुढे संगणक आला. तो कशासाठी? तर चित्र पूर्वीइतकंच गबाळं दिसावं म्हणून. इथे डोळे मिटून मान डोलवा, कारण खरी गोम इथेच आहे. त्यातलं एक वाक्य जरी शेजारच्या खऱ्याखुऱ्या नऊ वर्षांच्या पोराने म्हटलं, तर तुम्ही त्याच्या बापाला गाठाल. बटाट्यासारख्या गोल डोक्याने म्हटलं की टाळी देता. केनी नावाचा पोरगा पहिली काही वर्षं जवळपास दर भागात मरायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शाळेच्या बसची वाट बघत उभा असायचा. ‘काय रे, तू गेला होतास ना?’ एवढंही कुणी विचारायचं नाही.

याला शास्त्राधारही आहे, तो पार्टीत दुसऱ्या पेगच्या आत सांगून टाका. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरेन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलं की मर्यादा मोडल्यासारखी वाटावी आणि त्याच क्षणी ‘त्यात काही बिघडलं नाही’ असंही वाटावं. दोन्ही एकदम झालं की हसू फुटतं. मॅकग्रॉ ज्या कोलोरॅडो विद्यापीठात शिकवतात, तिथेच पार्कर आणि स्टोनची गाठ पडली. शिमग्याला होळीपुढे बोंब ठोकणाऱ्या आपल्या पणजोबांना हे शोधनिबंध न वाचताच कळलं होतं, पण ते बोलू नका. भाव उतरतो.

आता रियाज. २००१ मधला एक भाग निवडा. त्यात एकच शिवी १६२ वेळा येते आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा पुढे सरकत राहतो. पहिल्या दहा वेळा तुम्ही खुदखुदाल. चाळिशीला जांभई येईल. शंभरी गाठेपर्यंत ती शिवी ‘बरं का’ किंवा ‘म्हणजे कसं’च्या पंक्तीला जाऊन बसलेली असेल. शब्द फार वापरला की मरतो, हेच त्या भागाचं सांगणं आहे. ते तेवढं दुर्लक्षून पुढच्या, अधिक जालीम मात्रेकडे वळा. त्याच वर्षी त्या पोरांपैकीच एक, कार्टमन, एका मुलाला त्याच्याच आईबापांच्या मांसाचा झणझणीत रस्सा खाऊ घालतो. बघताना घास अडकला तर पाण्याबरोबर गिळा आणि म्हणा, ‘छान आहे, पण पूर्वीची धार नाही राहिली.’

आई खोलीत आली तर ‘कार्टून आहे गं’ म्हणावं. खोटं काहीच नाही त्यात. फक्त सुरुवातीची पाटी तिला वाचू देऊ नका; हा कार्यक्रम कुणीच बघू नये, असं तिथे निर्माते स्वतःच लिहितात.

एवढं जमलं की शेवटची पदवी घ्यायची: ‘मला काहीच लागत नाही.’ इथे आयझॅक हेज यांचा किस्सा वापरा. त्यांनी शेफ या पात्राला वर्षानुवर्षं आवाज दिला आणि तोवर कार्यक्रमाने येशूपासून सगळ्यांची रेवडी उडवली. नोव्हेंबर २००५ मध्ये पाळी त्यांच्या सायंटॉलॉजी पंथावर आली आणि मार्च २००६ मध्ये त्यांच्या नावाने राजीनामा आला. इथे ‘बघा, कसा लागला!’ म्हणून मांडीवर थाप मारा. त्यांना तेव्हा पक्षाघात झालेला होता आणि राजीनामा परस्पर कुणी दुसऱ्यानेच दिला, असं त्यांच्या मुलाने दहा वर्षांनी सांगितलं. तेवढं गाळा. किस्सा नासतो.

आणि हो, आपल्या तालुक्यावर, आपल्या आडनावावर किंवा आपल्या साहेबांवर कधी असा एखादा भाग निघालाच, तर धावपळ नको म्हणून निवेदन आत्ताच लिहून ठेवा. ‘आम्ही विनोदाचे भोक्ते आहोत, पण’ इथपर्यंत मजकूर कायम ठेवायचा. पुढे तीन ओळी कोऱ्या सोडा. खाली सह्यांना जागा.