किरकोळ बदल म्हणे!

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. पर्स खांद्याला, डबा पिशवीत, माउसवरचा हात फक्त शटडाउनसाठी. आणि मेल आला. ‘फायनल सीटीए जोडला आहे, फक्त किरकोळ बदल आहेत, सोमवारपर्यंत सही करून पाठवा.’ सीटीए म्हणजे औषधचाचणीचा करार, आणि हॉस्पिटलच्या वतीने तो तपासणं हे माझं काम. सीसीमध्ये आमचे पीआय सर, म्हणजे चाचणीचे प्रमुख डॉक्टर, रिसर्चचे डीन, स्पॉन्सरचे, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीचे, दोन साहेब आणि आणखी तिघं, ज्यांची नावं मी सात महिन्यांत पहिल्यांदाच पाहिली.

ही अकरावी आवृत्ती. दहावीवर आमचं सगळं ठरलं होतं. कॉलवर ठरलं, त्याची मिनिट्स झाली, त्यांच्या लीगलचा ‘अ‍ॅग्रीड’ म्हणून मेल माझ्याकडे आहे. आता फक्त स्टॅम्प पेपरवर घ्यायचं आणि सह्या करायच्या, एवढंच उरलं होतं.

फाइल उघडली. ट्रॅक चेंजेस, म्हणजे बदल लाल रेघेने दाखवणारी सोय, बंद. अख्ख्या फायलीत एक लाल रेघ नाही. तिथेच माझं डोकं फिरलं. ठरलेल्या मजकुरात हात घालायचा आणि ट्रॅक बंद करून पाठवायचं, याला मी लबाडीच म्हणते. चुकून राहिलं असेल म्हणून सोडून द्यायचे माझे दिवस कधीच संपले.

पर्स खाली ठेवली आणि दोन्ही आवृत्त्या कंपेअरला लावल्या. ३४ पानं. एका पत्त्यातला पिनकोड, दोन स्वल्पविराम, एके ठिकाणी ‘अँड’चं ‘ऑर’. आणि मग १९ वं पान, कलम ११.२. रुग्णाला इजा झाली तर काय, ते कलम.

आमचं ठरलेलं वाक्य असं होतं की चाचणीच्या औषधामुळे किंवा प्रोटोकॉलप्रमाणे (चाचणीच्या ठरलेल्या आराखड्याप्रमाणे) केलेल्या कुठल्याही प्रक्रियेमुळे इजा झाली, तर उपचाराचा सगळा खर्च स्पॉन्सर करेल. आता ‘किंवा प्रोटोकॉलप्रमाणे केलेल्या कुठल्याही प्रक्रियेमुळे’ हे गायब. ‘औषधामुळे’च्या आधी ‘थेट’ घुसवलेलं. आणि वाक्याच्या शेवटी एक शेपूट, ‘रुग्णाच्या विम्यातून मिळणारी रक्कम वजा करून’.

हे किरकोळ?

या प्रोटोकॉलमध्ये दोनदा लिव्हर बायोप्सी आहे. सुई बरगड्यांमधून आत जाते. रक्तस्राव झाला, रुग्ण आयसीयूत गेला, तर तो औषधामुळे गेला का? नाही, सुईमुळे गेला. म्हणजे तुमच्या नव्या वाक्याप्रमाणे बिल त्याने भरायचं. आणि प्लासिबोच्या, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काही देतात त्या, गटात जो पडला त्याला तर औषध मिळालेलंच नाही, मग त्याला ‘औषधामुळे थेट’ इजा होणार तरी कशी? औषधचाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांत हे सगळं स्वच्छ लिहिलंय. नियम ४१ काढा आणि वाचा. प्लासिबो आहे त्यात. चाचणीतल्या प्रक्रिया आहेत. प्रोटोकॉलची गरज म्हणून द्यावी लागलेली इतर औषधं आहेत. आईच्या पोटातलं मूलसुद्धा आहे. नियम ४० म्हणतो की इजेचा चाचणीशी संबंध नाही हे ठरेपर्यंत उपचार मोफत. विमा वजा करा असं कुठे म्हणतो? आणि हे पाळलं नाही तर चाचणी थांबवायचा, स्पॉन्सरला पुढच्या चाचण्या करायला बंदी घालायचा अधिकार सीडीएससीओकडे, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडे, आहे. हे मला माहीत आहे, त्यांच्या लीगलला माहीत आहे. तरी ते वाक्य शुक्रवारी संध्याकाळी, ट्रॅक बंद करून येतं.

मी फोन लावला. या फायलीवर सीआरओकडून, म्हणजे स्पॉन्सरसाठी चाचणीचं काम बघणाऱ्या कंपनीकडून, आलेला हा चौथा माणूस. पहिल्या तिघांना मी हेच कलम पहिल्यापासून समजावलंय, आणि समजलं की ते नोकरी बदलतात. हा म्हणाला, “मॅडम, ग्लोबल टेम्प्लेट आहे ना, बाकी सगळ्या साइट्सनी सही केलीय.” मी म्हटलं, बाकीच्या हॉस्पिटलांनी काय केलं ते त्यांच्या रुग्णांना सांगा, मला कलम ११.२ बद्दल बोला. तर म्हणे, “इम्पॅक्ट काय आहे तसा मॅडम? वर्डिंगच तर आहे.” माझा आवाज इतका चढला की कॉरिडॉरमधून जाणारे आमचे शिपाईकाका आत डोकावून गेले. मला त्याची लाज वाटत नाही. वर्डिंगच तर आहे! कराराला वर्डिंगशिवाय दुसरं असतं काय?

इम्पॅक्ट हवाय ना, हा घ्या. आमची कोऑर्डिनेटर मागच्या एका ट्रायलची संमती घेत होती. करमाळ्याकडचं जोडपं. नवरा खुर्चीत गप्प बसलेला, बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय. संमतीपत्राची सगळी पानं वाचून झाली, शंका विचारा म्हटलं, तर बाईने एकच विचारलं, “आन् ह्यांना काय झालं तर खर्च कुणाच्या अंगावर?” कोऑर्डिनेटर म्हणाली, “तुमच्या नाही.” बाईने मान हलवली आणि नवऱ्याने सही केली. मला हे कळलं कारण त्याच संध्याकाळी ती पोरगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, मी त्यांना नाही म्हटलंय, करारात तसं आहे ना?” मी करार काढून तिला ते कलम दाखवलं, मगच ती घरी गेली.

त्या ‘तुमच्या नाही’च्या मागे हे एक कलम असतं. दुसरं काहीही नसतं. या चाचणीच्या मराठी संमतीपत्रातही सहाव्या पानावर ‘मोफत वैद्यकीय उपचार’ असे शब्द आहेत, ईसीने, म्हणजे एथिक्स कमिटीने, मंजूर केलेले. रुग्णाला मराठीत एक सांगायचं आणि त्याच्या पाठीमागे इंग्रजीत दुसरं लिहायचं, हे माझ्या टेबलावरून जाणार नाही.

पीआय सरांचा फोन आलाच. “अगं, सही करून टाक ना, नंतर अमेंडमेंट करून दुरुस्त करू. पाच पेशंट थांबलेत.” सरांबद्दल मला आदर आहे, रात्री अकराला वॉर्डात राउंड घेणारा माणूस आहे तो. पण सर, नंतर म्हणजे कधी? बायोप्सीच्या आधी की नंतर? एसएई झाला, म्हणजे रुग्णाला काही गंभीर झालं, की २४ तासांत तुम्हाला रिपोर्ट करायचाय. त्या २४ तासांत मी यांच्या लीगलशी अमेंडमेंटवर वाद घालत बसू? त्या वेळी हा माणूस फोन तरी उचलेल का?

आणि तो त्यांचा डॅशबोर्ड, कुणाकडे काय अडलंय ते दाखवणारा तक्ता! दर सोमवारच्या मीटिंगला पडद्यावर लावतात. ‘कॉन्ट्रॅक्ट पेंडिंग विथ साइट: २१२ दिवस.’ साइट म्हणजे आमचं हॉस्पिटल, आणि विथ साइट म्हणजे मी. या २१२ पैकी १३० च्या वर दिवस फाइल त्यांच्या लीगलकडे पडून होती. माझ्याकडे एक्सेलची शीट आहे, कुठली आवृत्ती कधी गेली आणि कधी आली, तारखेवार. एकदा मीटिंगमध्ये दाखवली, तर म्हणे ‘ब्लेम गेम नको’. रकाना तुमचा, आकडा तुमचा, नाव माझं, आणि ब्लेम गेम मी करते?

पहिला मसुदा आला तेव्हा त्यात काय होतं ऐका. न्यूयॉर्कचा कायदा, न्यूयॉर्कची कोर्टं आणि मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यविम्याचा, अख्खा परिच्छेद. पुण्यातल्या हॉस्पिटलला! आमचे रुग्ण सोलापूर, बीड, धाराशिवहून येतात. त्यांच्यातल्या कुणाला मेडिकेअर आहे? तो परिच्छेद काढायला सहा आठवडे लागले. विम्याचं जे शेपूट आता परत आलंय ते तिथलंच, मी चौथ्या आवृत्तीत काढलेलं.

बजेटचं तर बोलूच नका. कागद पंधरा वर्षं सांभाळायचे आणि त्याचे पैसे एकदाच द्यायचे, ज्यात एक धड कपाट येत नाही. दर व्हिजिटच्या पैशांतले १० टक्के डेटाबेस लॉक होईपर्यंत, म्हणजे चाचणीची सगळी माहिती पक्की होऊन बंद होईपर्यंत, अडकवून ठेवायचे. कोऑर्डिनेटरचा पगार काय डेटाबेस लॉक झाल्यावर द्यायचा? स्क्रीन फेल्युअरचे, म्हणजे सुरुवातीच्या तपासण्यांत बाद झालेल्यांचे, पैसे तीन रुग्ण घेतले की एकाचे. बायोप्सीवर अवलंबून असलेल्या ट्रायलमध्ये माणसं गळणारच, तपासण्या आम्ही केलेल्याच असतात.

प्रवासखर्चाला मूळ तिकीट पाहिजे. एसटीचं तिकीट बघितलंय का कधी तुमच्या ऑडिटरने? मशीनमधून निघतं तो कागद. खिशात घामाने भिजतो, चार दिवसांत कोरा होतो. गेल्या वर्षी एका आजोबांनी सहा व्हिजिटची तिकिटं प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. चारांवर काहीच दिसत नव्हतं. क्लेम नामंजूर. लाखांची इनव्हॉइस ९० दिवस थकवणारी कंपनी एसटीच्या भाड्यासाठी पुरावा मागते. शेवटी डॉक्टरांनी खिशातून दिले. तेव्हापासून प्रत्येक करारात मी ‘व्हिजिटमागे ठरलेली रक्कम, तिकीट लागणार नाही’ हे घालते आणि त्यावर भांडते. भांडखोर बाई म्हणतात मला, म्हणू देत.

स्टॅम्प पेपर आधी १०० चा होता, आता ५०० चा झाला. तीन प्रती काढून, आमच्या सगळ्या सह्या-शिक्के झाल्यावर सीआरओने कळवायचं की आमच्या कंपनीचं नाव मागच्या महिन्यात बदललं. हेही झालंय. दोनदा.

आणि ‘जेंटल रिमाइंडर’ हा शब्द मला पुन्हा दिसायला नको. दोन तासांत तीन रिमाइंडर, वर डीन सीसीमध्ये. यात जेंटल काय आहे?

लोक म्हणतात, तुम्ही कॉन्ट्रॅक्टवाले रिसर्च अडवता. मला चाचण्या हव्यात. माझ्या सख्ख्या मावशीला शेवटच्या दीड वर्षात जे औषध मिळालं ते कुणीतरी कधीतरी चाचणीत घेतलं होतं म्हणून मिळालं. त्या कुणाचं तरी बिल कुणी भरलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. २०१३ च्या आधी भरपाई ठरवायची धड पद्धत नव्हती. स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची औषधचाचण्यांवरची याचिका सुप्रीम कोर्टात गाजत होती, २०१३ च्या जानेवारीत नियम आला. मग भरपाईचं सूत्र आलं. ८ लाख मूळ रक्कम, गुणिले वयाचा गुणक, गुणिले जोखमीचा गुणक, भागिले ९९.३७. मला झोपेतून उठवून विचारा. लोक कोर्टात गेले तेव्हा ही दोन-चार वाक्यं कायद्यात आली, आणि कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी ती डिलीट करून ‘किरकोळ’ म्हणतो.

काढलेले शब्द मी सगळे परत घातले. ट्रॅक चेंजेस चालू ठेवून. बाजूला नियम ४० आणि ४१ चा हवाला दिला, त्यांच्या लीगलचा ‘अ‍ॅग्रीड’वाला मेल जोडला, सीसीमधल्या एकालाही न वगळता आठ चाळीसला रिप्लाय ऑल केलं. एका मिनिटात फाइल पाठवणाऱ्याचं आपोआप जाणारं उत्तर आलं. ‘मी बुधवारपर्यंत रजेवर आहे.’

आज रविवार. सकाळपासून सरांचे दोन मेसेज आलेत, ‘स्टेटस?’ म्हणून. सर, उद्या नऊला डीन सरांच्या केबिनबाहेर या. मी दोन प्रिंट घेऊन येतेय. एक कलम ११.२ ची, एक मराठी संमतीपत्राच्या सहाव्या पानाची.