कार्यकर्त्याने कागद दिला म्हणून बातमी सुपारीची?

"पत्रकार आणि कार्यकर्ते एकत्र दिसले की समजा, बातमी सुपारीची आहे. खरा पत्रकार आंदोलनवाल्यांपासून लांब राहतो. आणि माहिती अधिकारवाले तर सगळे खंडणीखोर." हा मेसेज सध्या जोरात फिरतोय. शिकलीसवरली माणसंही तो पुढे ढकलतायत, याचा संताप येतो.

आधी 'लांब राहतो'चं बघू. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले. अशा सुनावण्यांत मस्टरवर ज्याचं नाव, तोच माणूस उठून सांगायचा, "मी त्या कामावर गेलोच नव्हतो." ज्यांच्यावर आरोप, त्यांनाही बाजू मांडायला बोलावलेलं असे. १९९६मध्ये राजस्थानातल्याच ब्यावरला माहितीच्या हक्कासाठी ४० दिवस धरणं चाललं. तिथे हिंदी दैनिक 'जनसत्ता'चे पत्रकार प्रभाष जोशी स्वतः गेले, त्यावर लिहिलं. पुढे माहिती अधिकाराच्या कायद्याचा मसुदा केला तो प्रेस कौन्सिलने, अध्यक्ष होते आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. २००५चा कायदा या वाटेने आला. पत्रकार लांब राहिले असते तर तो आला असता का?

आता सुपारी. मुंबईतल्या 'आदर्श' सोसायटी घोटाळ्याची कागदपत्रं कार्यकर्त्यांनी अर्ज करून करून मिळवली, २०१०मध्ये वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी प्रकरण लावून धरलं, नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना पायउतार व्हावं लागलं. सरकारी फायलीतला कागद अर्ज कोणी केला यावर खरा-खोटा ठरत नाही. वार्ताहराने तो पडताळला का, समोरच्याचं म्हणणं घेतलं का, हे जरूर विचारा. कार्यकर्त्याचं प्रसिद्धीपत्रक जसंच्या तसं छापणाऱ्याला मीही झोडपेन.

राहिले खंडणीखोर. अर्ज टाकून बिल्डरकडे पैसे मागणारे आहेत, नाकारत नाही. पण 'सगळे'? तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. आणि साधा व्यवहार बघा ना: खंडणीखोराचा कागद दडलेला आहे तोवरच त्याला भाव. छापून आला की कवडीमोल. ज्याला पैसे उकळायचेत, तो कागद वार्ताहराच्या हातात देईलच कशाला?