खाजणातला रस्ता आणि कारखान्याची राख

वीज केंद्रांतील राख आणि पोलाद कारखान्यांतील स्लॅग (पोलाद बनवताना उरणारी मळी) मातीत मिसळून रस्त्याचा पाया भक्कम करता येतो, असे एका लेखात वाचले; ते म्हणणे पटते. परंतु कोकणातली माती एकसारखी नाही, हे त्या लेखात राहून गेले. सड्यावरच्या, म्हणजे उंच कातळपठारावरच्या, जांभ्याच्या मुरमाला अशा उपचाराची फारशी गरज नसते. खरा प्रश्न खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या जमिनीचा आहे. आमच्या गावचा रस्ता खाडीच्या बांधालगत जातो. दरवर्षी गणपतीच्या आधी त्यावर टाकलेली खडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत काळ्या चिखलात गडप झालेली असते.

अशा चिकणमातीत नुसती राख घालून भागत नाही. आपल्याकडील दगडी कोळशाच्या राखेत चुना बहुधा कमी असतो, म्हणून तिच्यासोबत चुना किंवा थोडे सिमेंट द्यावे लागते. मग राखेतील सिलिका व अ‍ॅल्युमिना यांची चुन्याशी ओलाव्यात सावकाश अभिक्रिया होऊन मातीचे कण सांधले जातात. मे महिन्याच्या अखेरीस घाईने उरकलेल्या कामाला (आमच्याकडे बहुतेक कामे तेव्हाच उरकतात) त्यासाठी लागणारे दिवस मिळतच नाहीत.

सुरतजवळ हजिरा येथे २०२२ मध्ये स्लॅगचा रस्ता झाला, तो मातीत स्लॅग मिसळून नव्हे, तर खडीऐवजी प्रक्रिया केलेला स्लॅग वापरून. पोलादाच्या ताज्या स्लॅगमधील मोकळा चुना पाणी लागताच फुगतो, त्यामुळे न मुरवलेला स्लॅग आमच्या पावसात फुगून रस्ताच उखडून टाकील. शिवाय राखेतून जड धातू पाझरू शकतात; रस्त्याकडेला विहिरी असतील, तर आधी पाझराची चाचणी व्हायलाच हवी.