बाहेर पडण्याची सोय झाली. आत येण्याचे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. मुंबईतल्या माझ्या प्राध्यापक मित्रांपैकी काहींना ही गळतीला दिलेली मान्यता वाटते, तर काहींच्या मते शिक्षण मध्येच सुटणाऱ्याच्या हाती निदान काहीतरी लागेल. कॅलिफोर्नियात दिवसा छापखान्यात प्रीप्रेसचे (छपाईआधीच्या फाइल-तयारीचे) काम आणि संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक महाविद्यालयात) ग्राफिक कम्युनिकेशन्सचा अभ्यास करताना मला मात्र वाटते की, या वादात खरा प्रश्न बाजूलाच राहिला आहे.

इथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम मोठ्या पदवीचा अर्धा तुकडा नसून मुळात तेवढाच आखलेला असतो. अक्षररचना आणि मांडणी यांपासून सुरुवात होते. मग फाइल छपाईयोग्य करणे, ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) आणि ट्रॅपिंग (शेजारच्या रंगांत फट राहू नये म्हणून ते किंचित एकमेकांवर चढवणे), छपाईच्या नेहमीच्या चार रंगांच्या पलीकडचा खास रंग, प्लेट, मशीन, डायकटिंग (साच्याने हव्या आकारात कापणे), बांधणी आणि शेवटी कामाचा खर्च काढणे, म्हणजे कागद किती लागेल आणि त्यातला वाया किती जाईल याचा हिशेब, असा तो कारखान्याच्याच क्रमाने पुढे जातो. त्यामुळे डिझायनरच्या जागा मोजक्या असल्या, तरी प्रीप्रेस, पॅकेजिंग, साइनेज (पाट्या-फलक), रंगनियंत्रण आणि एस्टिमेटिंग (खर्चाचा अंदाज काढणे) ही दारे विद्यार्थ्याला उघडी राहतात. स्क्रीनवर सुंदर दिसणारा निळा रंग कागदावर जांभळट का उतरतो, हे ज्याने मशीनपाशी उभे राहून पाहिले आहे, त्याची फाइल छापखान्यातून दुरुस्तीसाठी परत येत नाही.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती प्रवेशाची पद्धत. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अडचण नाही, आणि राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला (अभ्यासाच्या मोजणीच्या एककाला) ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटच्या या दोन वर्षांच्या पदवीला २,७६० डॉलर शुल्क पडते. त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलीशेजारी पन्नाशीचा मशीनमन बसलेला दिसतो. (बाहेरदेशाहून येणाऱ्याला याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, तेव्हा मुलांना इकडे पाठवा, असा माझा सल्ला मुळीच नाही.) इथेही उणिवा आहेत: पुष्कळ विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करत नाहीत, आणि पुरेशी नावनोंदणी झाली नाही तर वर्गच रद्द होतो.

मुंबईत बारावीनंतर सीईटी देऊन उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते, किंवा दहावीनंतर मुद्रणाची तीन वर्षांची पदविका. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, पण त्या आयुष्याच्या सुरुवातीलाच धराव्या लागतात. लोअर परळच्या गाळ्यात विशीत कामाला लागलेल्या, आणि आता ऑफसेटवरून (प्लेटवरच्या छपाईवरून) डिजिटलकडे किंवा औषधांच्या खोक्यांच्या काटेकोर छपाईकडे वळू पाहणाऱ्या कारागिराने काय करायचे? तो उस्तादाकडून शिकतो आणि उत्तम शिकतो, परंतु त्या शिक्षणाला क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, सहसा मिळत नाही.

जे. जे.च्या आवारात उपयोजित कला आणि मुद्रणतंत्र या दोन्हींच्या शासकीय संस्था शेजारी-शेजारी आहेत. तिथे नोकरदारांसाठी रंगव्यवस्थापन, पॅकेजिंग आणि देवनागरी अक्षरजुळणी यांचे सुटे अभ्यासक्रम संध्याकाळी चालावेत, त्यांचे क्रेडिट अकॅडेमिक बँकेत (विद्यार्थ्याच्या क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय डिजिटल खात्यात) जमा व्हावेत आणि ते पुढे पदवीत धरले जावेत. परदेशात मराठी अक्षरे जुळवणारा माणूस सहसा मिळत नाही. हे शिक्षण मुंबईलाच द्यावे लागेल.