पैसा पोचला, पण हलेना!

इथेरियम या ब्लॉकचेनवरून पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर यूएसडीसी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो टोकन) न्यायचं म्हणजे दरवेळी डोक्याला ताप. आधी अप्रूव्हलचा (टोकन उचलू द्यायच्या परवानगीचा) गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, मग पाठवायचा गॅस, वर ब्रिजवाल्याची, म्हणजे दोन चेनमध्ये ने-आण करणाऱ्याची, फी. एवढं करून टोकन पलीकडे पोचतं आणि जागचं हलत नाही, कारण तिकडचा गॅस पॉलिगॉनच्या स्वतःच्या नाण्यात, पीओएलमध्येच भरावा लागतो! अरे बाप्पा, एवढी फी घेता, त्यातूनच चिमूटभर पीओएल टाकायला काय धाड भरते? काही ब्रिज देतात की.

बरं, पोचलेलं टोकन अस्सलच असेल असंही नाही. मूळ माल इकडे कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवरच्या प्रोग्रॅममध्ये) कुलूपबंद, आपल्या हाती नुसती पावती. अस्सल यूएसडीसी निराळं, पावतीवालं यूएसडीसी.ई निराळं. कुलूप फुटलं की पावती चुलीत घाला. मार्च २०२२ मध्ये रोनिन नावाच्या ब्रिजमधून ६० कोटी डॉलरच्या वर माल चोरीला गेला आणि ६ दिवस कोणाला पत्ताच नाही! आमच्या चौकातल्या पानठेल्यावरून एक पुडी गेली तरी संध्याकाळपर्यंत बोंब होते.

ऑप्टिमिस्टिक रोलअपवरून (इथेरियमच्या आधाराने चालणाऱ्या एका प्रकारच्या चेनवरून) अधिकृत ब्रिजने इथेरियमवर परत यायचं तर साधारण ७ दिवस बसा वाट बघत.

त्यात आमचं गाव दारव्ह्याच्या पुढं. आभाळ भरलं की टॉवर गेला. स्क्रीनवर 'पेंडिंग'चं चक्र फिरतंय, मी रेंजसाठी स्लॅबवर, अन् खालून बाबा, "काऊन रे, मोटर चालू केली का नाई?"

सपोर्टवाले म्हणतात, कॅशे क्लिअर करून बघा. घ्या!