एलिफ शफाक यांच्या कादंबऱ्या आणि घरात न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

एलिफ शफाक हे नाव आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते ते 'द फॉर्टी रूल्स ऑफ लव्ह'मुळे. त्या पुस्तकातील प्रेमाविषयीची वाक्ये सूर्यास्ताच्या चित्रांवर छापून व्हॉट्सॲपवर फिरत असतात, आणि त्यामुळे ही लेखिका म्हणजे प्रेमावर गोड सुविचार लिहिणारी कोणीतरी असावी, असा समज पसरला आहे. त्यांच्या कादंबऱ्या एकामागून एक वाचल्यानंतर हा समज मला त्यांच्यावर अन्याय करणारा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. घराघरांत पिढ्यानपिढ्या जे बोलले जात नाही आणि ज्या माणसाचे नाव घेणे बंद केले जाते, त्याचे ओझे पुढच्या पिढीच्या प्रेमावर कसे येते, हा माझ्या मते शफाक यांचा खरा विषय आहे. त्यांच्या कादंबऱ्यांतील प्रेमिकांना धर्म, भाषा आणि सरहद्द यांचा त्रास होतोच, पण त्यांना मोडून टाकते ते बहुतेक वेळा आपल्याच माणसांचे मौन.

शफाक यांचा जन्म 1971 मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे झाला. आईवडील वेगळे झाल्यावर त्या आईबरोबर तुर्कस्तानात अंकाराला आल्या आणि काही काळ आजीच्या घरी वाढल्या. आईने शिक्षण पूर्ण करून परराष्ट्र सेवेत नोकरी धरली, आणि लेकीचे शालेय जीवन माद्रिदसारख्या परक्या शहरात गेले. आज त्या लंडनमध्ये राहतात. सुरुवातीच्या कादंबऱ्या त्यांनी तुर्की भाषेत लिहिल्या आणि 2004 पासून त्या इंग्रजीतही लिहू लागल्या, याबद्दल मायदेशात त्यांना बोल लावणारे पुष्कळ निघाले. आईची भाषा सोडली की माणूस मुळापासून तुटतो, असा तो आक्षेप होता. सोलापुरात वाढलेल्या वाचकाला हा आक्षेप थोडा परका वाटतो. माझ्या घरी कन्नड बोलली जाते, माझे शिक्षण मराठीत झाले, शेजारच्या विणकर कुटुंबातील आजी आमच्याशी अर्धे तेलुगू आणि अर्धे मराठी बोलत असत, आणि नाक्यावरच्या सायकलच्या दुकानात उर्दूमिश्रित हिंदी चाले. यांतील एकच भाषा आपली आणि बाकीच्या उसन्या, असे आम्हाला कधी वाटले नाही. एका माणसात अनेक ओळखी गुण्यागोविंदाने राहू शकतात, हे शफाक कादंबरीमागून कादंबरीत सांगत आल्या आहेत, आणि सोलापूरच्या पूर्व भागातील कोणत्याही गल्लीला ते नवे नाही.

त्यांची मला सर्वांत मोठी वाटणारी कादंबरी म्हणजे 2019 मधील 'टेन मिनिट्स थर्टी-एट सेकंड्स इन धिस स्ट्रेंज वर्ल्ड'. ती त्या वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. 1990 चे इस्तंबूल, आणि शहराच्या कडेला एका कचरापेटीत टाकलेला लैला नावाच्या वेश्येचा मृतदेह, येथून ती सुरू होते. हृदय थांबल्यावरही मेंदू आणखी काही मिनिटे जागा असतो, अशी कल्पना करून लेखिका त्या प्रत्येक मिनिटाला एक चव किंवा एक वास देते आणि त्याच्या आधाराने लैलाचे आयुष्य उलगडते. पहिल्या मिनिटाला मीठ आठवते, कारण व्हान या पूर्वेकडच्या गावात ती जन्मली तेव्हा सुईणीने तिचे अंग मिठाने माखले होते. दुसऱ्या मिनिटाला लिंबू आणि साखर आठवते, कारण घरातील बायका अंगावरचे केस काढण्यासाठी त्यांचा पाक कढवत असत.

या कादंबरीतील एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. लैलाच्या वडिलांना दोन बायका आहेत. मोठीला मूल होत नाही, म्हणून धाकटी बिन्नाझ हिने जन्म दिलेली मुलगी वडील उचलतात आणि मोठीच्या, सुझानच्या, ओटीत घालतात. त्या दिवसापासून सुझान ही आई आणि जन्मदात्री ही मावशी. एकाच छताखाली तिघी राहतात, एकाच ताटाभोवती बसतात, आणि सत्य कोणीही उच्चारत नाही. आपल्या पोटच्या पोरीने आपल्याला मावशी म्हणून हाक मारावी आणि आपण ओ द्यावी, हे बिन्नाझच्या मनाला काय करत गेले असेल, हे शफाक फार शब्द न वापरता दाखवतात. पुढे त्याच घरात लैलावर नात्यातील माणसाकडून अत्याचार होतो तेव्हा तिच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही, याचे आश्चर्य वाटत नाही. ज्या घराने पहिल्याच दिवशी खोट्यावर पांघरूण घालायचे ठरवले, त्याला दुसऱ्या खोट्यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत.

आणि मग लैलाला इस्तंबूलमध्ये पाच मित्रमैत्रिणी मिळतात. व्हानमधला बालपणीचा सोबती सिनान, पुरुषाच्या देहात जन्मलेली पण बाई म्हणून जगणारी नालान, सोमालियातून फसवून आणलेली जमीला, लेबनॉनची बुटकी जैनब आणि नवऱ्याच्या घरातून पळून आलेली गायिका हुमैरा. समाजाने यांतील प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या कारणाने बाजूला टाकलेले आहे. नालानचे मत असे की माणसाला दोन कुटुंबे असतात, एक रक्ताचे आणि एक पाण्याचे. रक्ताचे कुटुंब जन्माने मिळते आणि पाण्याचे कुटुंब मित्रांचे असते. लैलाचे नातेवाईक तिचा मृतदेह घ्यायला येत नाहीत, म्हणून तिला किल्योस येथील बेवारसांच्या दफनभूमीत पुरले जाते. ही दफनभूमी खरोखर अस्तित्वात आहे, आणि तेथे थडग्यांवर नावांऐवजी क्रमांक असतात. या क्रमांकातून आपल्या मैत्रिणीला सोडवण्यासाठी ते पाचजण रात्रीच्या अंधारात काय करतात, ते मी सांगणार नाही. इतकेच म्हणेन की कादंबरीच्या त्या भागात कुणीही कुणाला प्रेमाचे एक वाक्य ऐकवत नाही, आणि तरीही प्रेमाविषयी याहून खरे लेखन मी अलीकडे वाचलेले नाही.

'द आयलंड ऑफ मिसिंग ट्रीज' ही 2021 ची कादंबरी सायप्रसची आहे. 1960 मध्ये ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेल्या या बेटावर ग्रीक आणि तुर्क समाज एकमेकांच्या शेजारी राहत होते. 1974 च्या जुलैमध्ये आधी ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठबळाने सत्तापालट झाला, त्यानंतर काही दिवसांतच तुर्कस्तानचे सैन्य उतरले, आणि बेटाचे दोन तुकडे झाले. राजधानी निकोशिया आजही मधोमध विभागलेली आहे. या पार्श्वभूमीवर ग्रीक मुलगा कोस्तास आणि तुर्क मुलगी देफ्ने एका खानावळीत चोरून भेटतात. खानावळीच्या मधोमध अंजिराचे झाड आहे, आणि ते झाडच कथेचा एक भाग सांगते. खानावळीचे मालक यिओर्गोस आणि युसुफ, एक ग्रीक आणि एक तुर्क, हेही एकमेकांवर प्रेम करणारे दोन पुरुष आहेत, आणि या दोन तरुणांना ते आडोसा देतात.

दंगल, फाळणी, ताटातूट हे सारे आपण इतर कादंबऱ्यांतही वाचलेले असते. शफाक यांचे वेगळेपण त्यापुढे सुरू होते. कितीतरी वर्षांनी कोस्तास आणि देफ्ने पुन्हा भेटतात, लग्न करतात, लंडनला जातात, त्यांना एक मुलगी होते. म्हणजे प्रेम जिंकते. पण आपल्या मुलीला भूतकाळाची झळ लागू नये म्हणून दोघे तिला बेटाविषयी, आजीआजोबांविषयी, मेलेल्या माणसांविषयी काहीच सांगत नाहीत. देफ्ने अकाली जाते. सोळा वर्षांची आदा एके दिवशी इतिहासाच्या तासाला उभी राहते आणि किंचाळू लागते, आणि तिचे किंचाळणे काही केल्या थांबत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आयुष्याविषयी विचारून या, असा अभ्यास वर्गाला नुकताच दिलेला असतो, आणि तिच्याकडे विचारायला कोणीच नसते. आईवडिलांनी मायेपोटी पाळलेले मौन लेकीच्या गळ्यातून असे बाहेर पडते. सायप्रसमध्ये त्या काळात बेपत्ता झालेल्यांची अधिकृत संख्या दोन हजारांच्या आसपास आहे, आणि दोन्ही समाजांतील तज्ज्ञ एकत्र बसून त्यांच्या अस्थी शोधण्याचे, ओळख पटवून त्या कुटुंबीयांना परत देण्याचे काम आजही करतात. देफ्ने हेच काम करत असते. दुसऱ्यांच्या घरातील हरवलेली माणसे जमिनीतून शोधून देणारी ही बाई स्वतःच्या मुलीशी मात्र बोलू शकत नाही.

हे वाचताना मला माझ्या आत्याची आठवण झाली. तिने तरुणपणी दुसऱ्या समाजातील माणसाशी लग्न केले. तिला कुणी मारहाण केली नाही, आमच्या घरात आरडाओरडाही झाला नाही, फक्त तिचे नाव घेणे थांबले. माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली तेव्हा मजकुराचा कागद मी प्रेसमध्ये घेऊन गेलो होतो. त्यात सगळ्या आत्यांची आणि त्यांच्या यजमानांची नावे वयाच्या क्रमाने लिहिलेली होती, आणि थोरलीच्या नंतर एकदम तिसरी होती. प्रेसमधल्या वयस्क गृहस्थांनी आमच्या कुटुंबाला ओळखत असल्यामुळे त्या जागेवर पेन्सिल टेकवून माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही आणि त्यांनीही काही विचारले नाही. आत्या त्याच शहरात, रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर राहत होती.

आपले शहर प्रेमाला नेहमीच घाबरते, असेही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धाच्या धामधुमीत त्यांनी क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी लग्न केले, आणि 1942 मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच त्यांचे निधन झाले. भैया चौकातील त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे, आणि ती गोष्ट आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, जो रास्तच आहे. पण दूर देशातील अशा लग्नाचा गौरव करणारे आपण दोन गल्ल्या पलीकडच्या लग्नाचे नाव पत्रिकेवर घेत नाही. ही विसंगती माझ्यासमोर इतकी स्पष्टपणे मांडली ती इस्तंबूलच्या आणि सायप्रसच्या गोष्टी सांगणाऱ्या एका परदेशी लेखिकेने.

घरातील मौनाला देशाच्या पातळीवर कोणते रूप येते, हे शफाक यांनी स्वतः भोगले आहे. 'द बास्टर्ड ऑफ इस्तंबूल' या कादंबरीत 1915 मध्ये ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीचा विषय एका तुर्क आणि एका आर्मेनियन कुटुंबाच्या कथेतून येतो. तिची प्रकरणे दालचिनी, काबुली चणे, साखर अशा पदार्थांच्या नावांनी सुरू होतात, त्यामुळे वाचक स्वयंपाकघरातून थेट इतिहासात जातो. तुर्की दंडसंहितेच्या 301 व्या कलमाखाली तुर्क अस्मितेचा अपमान केल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला, तोही कादंबरीतील पात्रांच्या तोंडच्या संवादांवरून. सप्टेंबर 2006 मध्ये त्या निर्दोष सुटल्या. काल्पनिक पात्राने 'वंशसंहार' हा एक शब्द उच्चारला म्हणून लेखिकेला न्यायालयात खेचले जाते, यावरून तो शब्द त्या समाजात किती दाबून ठेवलेला होता, ते कळते.

आता 'द फॉर्टी रूल्स ऑफ लव्ह'विषयी. अमेरिकेतील एला ही चाळिशीची गृहिणी एका हस्तलिखिताच्या निमित्ताने अझीझ या लेखकाला पत्रे लिहू लागते, आणि त्या हस्तलिखितात तेराव्या शतकातील कोन्या येथील सूफी कवी रूमी आणि त्यांचा दरवेश सोबती शम्स यांची कथा आहे. पुस्तक वाचनीय आहे, पण मला ते त्यांचे दुय्यम पुस्तक वाटते. त्यातील चाळीस नियम पात्रांच्या जगण्यातून उगवत नाहीत, ते वरून पेरलेले वाटतात, आणि म्हणूनच ते इतक्या सहजतेने पुस्तकापासून तोडून चित्रांवर चिकटवता येतात. एलाचे वैवाहिक दुःखही घाईने रंगवलेले आहे. या कादंबरीत खरोखर मन हेलावते ते किमया नावाचे पात्र. रूमींच्या घरात वाढलेली ही मुलगी शम्सवर जीव लावते, त्याच्याशी तिचे लग्नही होते, आणि विश्वप्रेमाची महती सांगणारा तो दरवेश तिला मात्र जवळ करू शकत नाही. ती झुरून मरते. तिच्याविषयीची पाने त्या चाळीसही नियमांपुढे प्रश्नचिन्ह उभे करतात, पण सुविचार म्हणून ती पाने कोणी पाठवत नाही.

शफाक यांच्या लेखनातील मर्यादाही मला दिसतात. त्यांना वाचकावर पुरेसा भरवसा ठेवता येत नाही. प्रसंग बोलत असताना त्या मध्येच त्याचा अर्थ समजावून सांगतात, आणि सायप्रसच्या कादंबरीतील अंजिराचे झाड काही ठिकाणी वनस्पतिशास्त्राचे व्याख्यान देऊ लागते. 2024 मधील 'देअर आर रिव्हर्स इन द स्काय'मध्ये टेम्स आणि टायग्रिस या दोन नद्या, प्राचीन निनेव्हे नगरी, एकोणिसाव्या शतकातील लंडनचा गरीब हुशार मुलगा आणि आपल्या काळातील यझिदी या अल्पसंख्य धर्मसमाजातील मुलगी नारिन यांना पाण्याच्या एकाच थेंबाने जोडण्याचा घाट त्यांनी घातला आहे. तो थक्क करणारा असला तरी जोडणीची शिवण अधूनमधून दिसते. मात्र नारिन आणि तिची आजी यांच्यातील संभाषणे अप्रतिम आहेत. त्या आजीने नातीपासून काहीही लपवलेले नाही, समाजावर झालेले अत्याचार, जुनी गाणी, पाण्याचे देवत्व, सारे काही ती तिला सांगून ठेवते, आणि संकट कोसळते तेव्हा त्या मुलीपाशी निदान आपण कोण आहोत याचे उत्तर असते. शफाक यांच्या आधीच्या कादंबऱ्यांतील मुक्या आयांनंतर ही बोलणारी आजी भेटते, तेव्हा फार बरे वाटते.

ज्यांना ही लेखिका नव्याने वाचायची आहे त्यांनी सुरुवात लैलाच्या कादंबरीपासून करावी, नंतर सायप्रसची घ्यावी, आणि चाळीस नियमांचे पुस्तक शेवटी वाचावे, म्हणजे त्यातील किमया नजरेतून सुटणार नाही. इंग्रजी सोपी आहे, महाविद्यालयीन मुलामुलींना ती जड जाणार नाही. आपल्या वाचनालयांनी या कादंबऱ्या मागवाव्यात, यासाठी मी स्वतः पाठपुरावा करणार आहे, आणि सोलापुरात ज्यांच्याकडे प्रती असतील त्यांनी त्या एकमेकांना द्यायला हरकत नसावी. माझ्याकडची लैलाची प्रत सध्या आत्याच्या मुलीकडे आहे. तिचे वाचून झाले की पुढच्या वाचकाला ती मिळेल.