शेंदरी कमानी आणि माझे गुडघे

जपानमधल्या क्योतोच्या फुशिमी इनारी ताइशा या देवस्थानी जाण्याचा हट्ट माझाच होता. इनारी ही भातशेतीची देवता, तिचे हे ठाणे इ. स. 711 पासूनचे मानतात; तेव्हा कोकणातल्या आमच्या दोन खाचरांसाठी तिच्या कानावर चार शब्द घालावेत, एवढाच माझा स्वार्थ होता.

त्या काळचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 1589 साली उभारलेल्या दरवाजापाशी कोल्ह्यांच्या मूर्ती बसल्या होत्या आणि त्यांतल्या एकाच्या तोंडात चक्क धान्याच्या कोठाराची किल्ली होती. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असे मी पुटपुटलो. पण इथे कोल्हा हा देवतेचा दूत असल्याने आवाज जरा खालीच ठेवला. देवळापुढे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून आणि पुन्हा एकदा वाकून मी खाचरांचा विषय मांडला.

मागे डोंगर होता. उंची अवघी 233 मीटर. यातले 'अवघी' हे माझे आदल्या रात्रीचे. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या शेंदरी कमानींच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर एक दगडी दिवा लागतो. मनात इच्छा धरून त्याच्या माथ्यावरचा गोल धोंडा उचलायचा. अंदाजापेक्षा हलका लागला तर इच्छा पूर्ण होते. ''इथूनच परत फिरता यावे,'' अशी इच्छा धरून मी हात घातला. धोंडा वीतभर उचलेपर्यंत माझ्या पाठीत कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला. सौभाग्यवतींनी तोच धोंडा नारळ उचलावा तसा उचलला आणि काही न बोलता पायऱ्या चढायला लागल्या.

योत्सुत्सुजीच्या चौकात क्योतो शहर पायाखाली पसरलेले दिसते आणि शहाणी माणसे तिथूनच परततात. आम्ही माथ्यावर गेलो, जिथे झाडीमुळे काहीही दिसत नाही.

उतरताना मात्र कमानींच्या मागच्या बाजूची काळी अक्षरे दिसू लागली. ती देणगीदारांची नावे आहेत हे कळल्यावर मला आमच्या देवळाच्या पायऱ्यांवरच्या 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' या फरश्या आठवून भरून आले.

''आपणही एखादी छोटीशी कमान देऊ या का?'' मी धापा टाकत विचारले.

''अहो, गावच्या देवळाची पायरी कबूल करून तीन वर्षे झाली,'' ती मागे न वळता म्हणाली, ''आधी तिचे पैसे पाठवा.''